पाच मिनिटांची रेघ

आमच्या ऑफिसात तक्रार मिटवायला पक्कड लागत नसे, भिंतीवरचा टीव्ही लागे. बीडच्या पेठेत एका कापडदुकानाच्या वर आमचं इंटरनेटचं ऑफिस होतं. खाली मालकांचे थोरले भाऊ साड्या विकायचे, वर मालक खेड्यापाड्यांत नेट पोचवायचे, आणि त्या नेटचं सगळं यंत्रकाम माझ्याकडे होतं. टीव्हीवर प्रत्येक गावाची एक रेघ असायची, आणि गाव उघडलं की घराघराची. कुठं किती नेट जातंय ते त्या रेघेत दिसायचं. रेघ हिरवी असली की लाइन ठीक. ग्राहकाचा फोन आला की मी खुर्चीतून न उठता मान वर करायचो, रेघ बघायचो आणि सांगायचो, "लाइन ओके आहे, तुमचा मोबाइल तपासा." नाचता येईना अंगण वाकडं, हे दिवसातून दहा वेळा मनात म्हणायचो. कधी कधी फोन ठेवायच्या आधीच म्हणायचो.

मी चिडका माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं त्यात यंत्राचा दोष थोडा आणि माझ्या स्वभावाचा जास्त आहे.

ती रेघ काढणारा प्रोग्राम मीच बसवला होता. तो दर मिनिटाला आमच्या मुख्य यंत्राला विचारायचा, ह्या घराचं आतापर्यंत किती झालं? आलेल्या आकड्यातून मागचा आकडा वजा करायचा आणि त्या मिनिटाचा वेग काढायचा. विजेच्या मीटरचं रीडिंग घेतात, तसंच. मग गावं वाढली, घरं वाढली आणि आमचा जुना कॉम्प्युटर धापा टाकायला लागला. एका दुपारी वैतागून मी त्या एका मिनिटाची पाच मिनिटं केली. कॉम्प्युटर शांत झाला, आणि रेघही शांत झाली. आधी ती वरखाली उड्या मारायची, आता एकदम गुळगुळीत दिसायला लागली. मालक चहाचा कप घेऊन टीव्हीसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "आता कसं, बघायला बरं वाटतंय." मलाही बरं वाटलं. त्या दुपारी आपण काय करून ठेवलं, हे कळायला मला दीड वर्ष लागलं.

ती बाई मला पहिल्यांदा फोनवरच भेटली. "नमस्कार सर, मी नेकनूरजवळच्या वस्तीवरून बोलते आहे. आपला थोडा वेळ घेऊ का?" भाषा इतकी धुतलेली, की मला वाटलं कुठल्या तरी बँकेचा फोन आहे. लाइन तुटते, अशी तिची तक्रार होती. मी मान वर केली, रेघ बघितली, ओके म्हणालो. दोन दिवसांनी पुन्हा फोन, चार दिवसांनी पुन्हा. दर वेळी तेच नमस्कार सर, तीच नम्रता. नम्र माणसाचा राग जास्त येतो, कारण त्याच्यावर ओरडता येत नाही.

तिची हकिकत मला तुकड्यातुकड्यांनी कळली. वय तिशीच्या आतबाहेर. लग्नानंतर कॉलेजला न जाता, पुस्तकं मागवून तिनं बी.ए. केलं होतं. पुण्याच्या एका कंपनीसाठी ती घरून फोन घ्यायची. लोकांनी ऑनलाइन मागवलेली वस्तू आली नाही, फुटकी आली, की त्यांचे फोन हिच्या कानात. दहा ते सहा, समोर लॅपटॉप, मागं भिंतीला लावलेली एक कोरी चादर, म्हणजे घरातलं काही दिसू नये. ते नमस्कार सर तिथलं होतं.

आमच्या भागात नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. दिवाळी झाली की जोडी ऊस तोडायला कारखान्यावर जाते, ती उन्हाळ्यात परत येते. लग्नापासून तीही जायची. त्या वर्षी पहिल्यांदा तिचा नवरा एकटाच गेला होता. एकटा गेलेला माणूस म्हणजे अर्धा कोयता. अर्ध्या कोयत्याला टोळीत काही किंमत नसते, चेष्टा मात्र भरपूर होते. तरी तो गेला, कारण त्यांची पोरगी पहिलीत बसली होती. आईची नोकरी टिकली तर आई घरी, आई घरी असली तर पोरगी शाळेत. नोकरी गेली तर सगळे उसाच्या फडात. एवढा सरळ हिशेब होता, आणि तो आमच्या नेटच्या काचेच्या बारीक तारेवरून चालला होता.

संक्रांतीनंतर एक दिवस ती ऑफिसातच आली. नेकनूरहून एसटीनं, डोक्यावर पदर, हातात दोनशे पानी वही. वहीत लाइन कधी तुटली, कधी आली, त्याच्या वेळा लिहिलेल्या. रोजच्या चार, सहा, कधी आठ. बहुतेक सगळ्या दुपारच्या, दोन ते पाचच्या मधल्या. तिला एक पत्र पाहिजे होतं. कंपनीनं कळवलं होतं, की तुमच्या बाजूनं फोन मधेच तुटतात, आणि तेही दुपारीच तुटतात. लाइनचा दोष असेल तर नेटवाल्यांचं लेखी आणा, नाही तर तुम्ही कामावरून उठून जाता असं धरू. दुपारी झोपता, असा त्याचा अर्थ होता. तिनं तो शब्द उच्चारला नाही, पण सांगताना तिचा चेहरा लाल झाला.

मी टीव्हीकडं बोट केलं. तिच्या घराची रेघ महिनाभर मागं नेऊन दाखवली. हिरवी, गुळगुळीत, कुठंही खंड नाही.

"ताई, तुम्हीच बघा. आहे का कुठं तुटलेली?"

तिनं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "एक विचारू का सर? तुमचं हे यंत्र बरोबर मोजतं, हे तुम्ही कशावरून ठरवता?"

मला असा राग आला! पंधरा वर्षं ह्या धंद्यात केस पांढरे केले, आणि ही मला विचारते. "यंत्र आहे ते ताई, माणूस नाही खोटं बोलायला," मी म्हणालो.

तेव्हा तिची धुतलेली भाषा पहिल्यांदा सुटली. "यंत्र तर कारखान्यावर बी हाय, सर. उसाची गाडी मोजायचं. आमी गेलतो तवा टोळीतली माणसं काय करायची, गाडी आधी भाईरच्या वजनकाट्यावर घालायची आन् मग कारखान्याच्या. दोन्हीकडं सारखं आलं तर खरं मानायचं. तुमी तसं केलंय का कधी?"

केलं नव्हतं. इतक्या वर्षांत एकदाही केलं नव्हतं. पण ते तिच्या तोंडून ऐकायला लागलं, म्हणून मी इरेला पेटलो. म्हणालो, "उद्या करतो. तुमच्या समोर करतो. मग तर झालं?"

दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या जेवणाच्या सुट्टीत मी तिला फोन लावला. मोबाइलच्या टॉवरवरून आम्ही बोलत होतो, आणि नेटवरून मी तिच्या लॅपटॉपवर एक मोठी फाइल सोडली. फाइल केवढी आहे ते मला शेवटच्या अंकापर्यंत ठाऊक होतं. म्हणजे आधी बाहेर मोजलेली गाडी, आणि आता आमचा वजनकाटा. दोघं वाट बघत होतो. मधेच ती म्हणाली, "सर, आत्ता तुटलं बघा. राउटरवरचा लाल दिवा लागलाय." मी म्हणालो, "थांबा, येईल." आलंच. फाइल जिथं अडकली होती तिथून पुढं सुरू झाली आणि पूर्ण उतरली. मी आमच्या प्रोग्रामचा आकडा काढला. फाइल जेवढी, तेवढाच आकडा, वर किरकोळ, जे असतंच.

"बघा ताई," मी म्हणालो, "जेवढं पाठवलं तेवढंच मोजलं. यंत्र पास."

"पण मधे तुटलं होतं ना सर?"

"फाइल आली ना पूर्ण? मग?"

तिला यंत्रातलं कळत नव्हतं आणि मला कळत होतं, म्हणून ती गप्प बसली. खरं तर उलटं होतं. शाळेत सकाळी हजेरी घेतली, संध्याकाळी घेतली, दोन्ही वेळेला पोरगं हजर. मधे दिवसभर ते विहिरीवर पोहत होतं, हे हजेरीपटाला कुठून कळणार? आमचा प्रोग्राम पाच मिनिटांनी एकदा विचारायचा, किती झालं? मधली चाळीस सेकंदं लाइन मेली, आणि उरलेल्या वेळात नेट भसाभसा वाहिलं, तर पाच मिनिटांच्या सरासरीत त्याचा खड्डा पडतच नव्हता. फाइलला चाळीस सेकंदं थांबलेलं चालतं. फोनवर पलीकडं तावातावानं बोलणाऱ्या गिऱ्हाइकाला चालत नाही, त्याचा फोन कट होतो. मी किती गेलं ते तपासलं. तिची तक्रार होती, कधी थांबलं. मी तपासणी चोख केली होती, फक्त जे विचारलं होतं ते सोडून.

आणि मी पत्र लिहिलं. ऑफिसच्या छापील कागदावर, शिक्क्यासह. ‘सदर ग्राहकाच्या लाइनची पाहणी केली असता ती सुस्थितीत आढळली.’ इथं थांबलो असतो तरी चाललं असतं. पण माझं मन भरलं नाही. मी पुढं लिहिलं, ‘आमच्या मोजणी यंत्रणेची अचूकताही प्रत्यक्ष चाचणी घेऊन तपासली असून ती निर्दोष आहे.’ खाली गुळगुळीत रेघेचं चित्र डकवलं. हे दुसरं वाक्य कुणीही मागितलं नव्हतं. ते मी तिच्या प्रश्नाला उत्तर म्हणून लिहिलं, तिच्या नाकावर टिच्चून. आणि पत्र तिच्या हातात देण्याऐवजी कंपनीच्या पत्त्यावर थेट मेलनं पाठवलं, तिला फक्त प्रत.

संध्याकाळी तिचा फोन आला. "सर, हे मी मागितलं नव्हतं."

"जे आहे ते लिहिलं, ताई."

पलीकडं थोडा वेळ पोरीच्या पाढ्यांचा आवाज येत राहिला. मग फोन बंद झाला.

पंधरा दिवसांनी कामाच्या यादीत तिच्या नावापुढं ‘लाइन बंद करणे’ असं आलं. मालकांनी यादी वाचली. ते सोमवारचे बेल वाहून आले होते, कपाळाला ओलं भस्म होतं. म्हणाले, "ही ती रोज फोन करणारी ना? गेली? सुंठीवाचून खोकला गेला." मी हसलो. हे लिहायला नको वाटतं, पण हसलो हे खरं आहे.

लाइन बंद केली की राउटर आणि वायर परत आणायची असते. आमचा लाइनमन भाचीच्या लग्नाला गेला होता, म्हणून मोटरसायकलवर मीच निघालो. मांजरसुंब्याला चहा घेतला. होळी जवळ आली होती, ऊन चढलं होतं आणि वारा सुटला होता. वस्तीवर पोचलो तर निम्म्या घरांना कुलपं. टोळ्या अजून कारखान्यांवरच होत्या. आमच्याकडं टोळी निघताना एक रीत असते. घर सहा महिने बंद राहणार, तर कुलूप लावायचं, आणि कुत्री, शेळ्या, डुकरं आत शिरू नयेत म्हणून दाराला आणि भिंतीच्या सांदीला बाभळीच्या काटेरी फांद्या रचून ठेवायच्या. वस्तीवर प्रत्येक बंद घरापुढं असा ढीग होता.

तिची सासू दारात बसलेली. मी कोण ते सांगितल्यावर म्हणाली, "न्या तुमचा डबा. त्यानं लई वाटुळं केलं. ही दुपारची फोनम्होरं झोपायची, म्हणून काढली कंपनीनं. तिथून कागदच आलाय तसा. यंत्र खोटं बोलतंय व्हय?"

सून आत होती. तिला ऐकू जात होतं. ती बाहेर आली, राउटर, त्याचा चार्जर आणि वायरचा तुकडा एका धुतलेल्या फडक्यात बांधून आणला होता. "सगळं आहे का बघून घ्या, सर." एवढंच म्हणाली. मागच्या भिंतीवरची कोरी चादर काढलेली होती आणि तिथं पोरगी खडूनं काहीतरी गिरवत होती.

मी वायर गुंडाळायला मागच्या बाजूला गेलो. खांबावरून आलेली वायर शेजाऱ्याच्या बंद घराच्या भिंतीला धरून हिच्या घरात येत होती. त्या भिंतीशी बाभळीचा ढीग होता. निघताना ताज्या तोडलेल्या फांद्या चार महिन्यांत वाळून एकमेकींवर कलंडल्या होत्या, आणि सगळ्यांत वरची जाड फांदी बरोबर आमच्या वायरवर येऊन टेकली होती. वायर तिथं दुमडल्यासारखी वाकली होती. ह्या वायरीत काचेचा तंतू असतो, त्यातून उजेड जातो. तंतू फार वाकला की उजेड पुढं जात नाही. माझ्या खिशात उजेड मोजायचं छोटं मीटर असतं. ते मी वायरीच्या टोकाला लावलं. आकडा ठीक होता. मग वारा आला. फांदी हलली, दबली, आणि मीटरवरचा आकडा पडत पडत नाहीसा झाला. वारा थांबला, आकडा परत आला. पुन्हा वारा, पुन्हा गेला.

दुपारचे तीन वाजले होते. आमच्या बालाघाटाच्या डोंगरात ह्या दिवसांत वारा दुपारीच सुटतो. तिच्या वहीतल्या वेळा मला आठवल्या.

मी फांदी ढकलून बाजूला केली. त्याला एक हात लागला, आणि हाताला चार काटे लागले. बास, एवढंच काम होतं. तिच्या पहिल्या फोनला कुणी वस्तीवर येऊन बघितलं असतं, तर पाच मिनिटांत झालं असतं.

त्या वेळी मी घरात जाऊन सांगायला हवं होतं. सासू दारात होती, सून आत होती, चूक माझ्या हातातल्या मीटरवर दिसत होती. दहा पावलांचं अंतर. मी ती दहा पावलं गेलो नाही. मी वायर कापली, वेटोळं खांद्यावर घातलं, "येतो ताई" म्हणालो आणि गाडीला किक मारली.

ऑफिसात येऊन मी मुख्य यंत्राची स्वतःची नोंद उघडली. कोणत्या घराचा उजेड कधी गेला, कधी आला, हे ते यंत्र आपल्यापुरतं लिहून ठेवत असतं. ती नोंद पहिल्यापासून तिथंच होती. टीव्हीवरची रेघ इतकी चांगली दिसायची, की ती उघडायची मला कधी गरजच वाटली नव्हती. तिनं वहीच्या पानांचे फोटो मागंच मला मोबाइलवर पाठवलेले होते. मी एका बाजूला तिची पानं आणि दुसऱ्या बाजूला यंत्राची नोंद ठेवून एकेक ओळ जुळवत गेलो. सगळ्या जुळल्या. तिचं घड्याळ यंत्रापेक्षा एक मिनिट पुढं होतं, आणि ते एक मिनिटही प्रत्येक ओळीत सारखंच होतं. माझ्या सगळ्या कारभारात सर्वांत अचूक यंत्र म्हणजे ती दोनशे पानी वही होती.

मग मी पाच मिनिटांचं पुन्हा एक मिनिट करून बघितलं. कॉम्प्युटर तासाभरात बंद पडला.

मालकांना सगळं सांगितलं. नवं पत्र द्या म्हणालो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते, दुकानदार होते. "एकदा लाइन चांगली म्हणून शिक्का मारलाय," ते म्हणाले, "आता खराब म्हणून मारायचा? वर यंत्र तपासलंय असंबी तुम्हीच लिहिलंय. उद्या सगळं गाव वह्या घेऊन जिन्यात उभं राहील. झालं ते झालं." मी नोकरी सोडीन म्हणालो नाही. तसं म्हणायचा विचारही आला नाही, हे जास्त वाईट. मी माझ्या नावानं कंपनीला मेल लिहिला. ‘आपला संदेश मिळाला, आम्ही लवकरच संपर्क करू,’ असं उत्तर त्याच क्षणी आलं. पुन्हा लिहिला, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मला कळलं, की तिथंही यंत्रच बसलेलं आहे.

तिचा नंबर माझ्याकडं होता. रोज होता. उन्हाळ्यात टोळ्या परत आल्या, पाऊस पडला, कापूस लागला, पोळा झाला. मी तिला फोन केला नाही. आज करू, उद्या करू. काय सांगणार होतो? तुमचं खरं होतं, माझं खोटं होतं, नोकरी मात्र गेली ती गेली. ह्यात तिच्या पदरात काय पडणार? असं मी स्वतःला समजावत होतो. शरमेला शहाणपणाचे कपडे घालता येतात, आणि मी ते आठ महिने घालून हिंडलो. ऑफिसात कुणाचा फोन आला की मी आता मान वर करत नव्हतो. "माणूस पाठवतो," म्हणायचो. लाइनमन माझ्यावर वैतागला होता. त्यानं काही भरून येत नव्हतं.

दिवाळीनंतर नेकनूरकडच्या टोळ्या निघायला लागल्याचं कळलं. एका सकाळी मी साध्या कागदावर हातानं पत्र लिहिलं, खाली सही केली आणि मोटरसायकल काढली. वरातीमागून घोडं, हे मला कळत होतं. तरी गेलो.

वस्तीवर ट्रॅक्टर उभाच होता. मागच्या दोन ट्रॉल्यांत संसार भरलेले: भांडी, सरपण, पत्र्याच्या पेट्या, गोधड्या, एका कोपऱ्यात कोंबड्यांचा खुराडा. ती ट्रॉलीपाशी उभी राहून नवऱ्याला गाठोडं चढवू लागत होती. ह्या खेपेला पूर्ण कोयता होता. सासूही निघाली होती, कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या पाचटाच्या झोपडीत, स्वयंपाक करायला आणि नात सांभाळायला. नात आधीच वर बसली होती. तिचं दप्तर पाठीला होतं. दप्तर कशाला घेतलंय असं कुणी तिला विचारत नव्हतं.

मी कागद पुढं केला. "ताई, लाइनचाच दोष होता. तुमचं सगळं बरोबर होतं. हे लिहून आणलंय."

तिनं कागद हातात घेतला नाही. माझ्याकडं बघून म्हणाली, "मला कावून देता, भाऊ? मला तर ठावंच होतं. ह्यांना वाचून दावा."

मी वाचून दाखवलं. ट्रॅक्टर चालू होता, म्हणून ओरडून वाचायला लागलं. लाइन दुपारी वाऱ्यानं तुटत होती, बाईंनी नोंदवलेली प्रत्येक वेळ खरी आहे, आमची तपासणी चुकीची होती. टोळीतली चारदोन माणसं ऐकायला थांबली. नवरा खाली मान घालून दोर आवळत राहिला. सासूनं मात्र शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हंजी ही झोपत न्हवती?"

"नव्हती."

"खरं बोलत व्हती?"

"हो."

म्हातारी सुनेकडं बघत राहिली. इतके महिने ती काय काय बोलली असेल ते त्या बघण्यात होतं. मग तिनं माझ्याकडं तोंड फिरवलं. "मग तवाच कावून न्हाई सांगितलं बाबा? तवा आलता की तू डबा न्यायला. आता नाव लागलं टोळीत. पोरीचं नाव काढलं शाळंतून."

मी तोंड उघडलं. पण माझ्या आधी सूनच बोलली. ट्रॉलीच्या फळीवर पाय ठेवून वर चढता चढता, साधेपणानं, माझी बाजू घेत.

"आवो आत्या, त्यांना बी कुठं ठावं व्हतं तवा? आताच कळलं आसल. कळलं तसं आले की एवढ्या लांब." आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "व्हय ना भाऊ?"

मी मान हलवली. हो म्हणून.